एक जूनची माणसं

माझ्या वडिलांचा जन्म १ जून १९४६चा. आत्याचा १ जून १९४९चा आणि धाकट्या काकांचा १ जून १९५२चा. आजीनं तीन मुलं बरोबर तीन-तीन वर्षांच्या अंतरानं, तीही एकाच तारखेला जन्माला घातली, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण कागदोपत्री तसंच आहे. महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या कुठल्याही घरात असा एखादा एक जूनवाला सापडतोच. बाप पोराला शाळेत घालायला आला की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली, पेरण्या उरकल्यावर. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जून, आणि पोरगं पहिल्या दिवसापासून नियमात बसावं म्हणून एक तारीख.

या तारखेची आम्ही घरात बरीच चेष्टा केली आहे. परवा एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की गुरुजींनी वडिलांना नकळत एक देणगी देऊन ठेवली आहे. ती माझ्याकडे नाही आणि माझ्या मुलीकडे तर मुळीच नाही. ती म्हणजे लपायला गर्दी.

हिशेब असा. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्टाव्या घरापर्यंत राजाची कोठारं रिकामी होतात. मला चौसष्टापर्यंत जायचंच नाही. चौतिसाव्या घरात थांबू. तिथे ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२ दाणे पडतात. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२मध्ये ८०० कोटींवर गेली. म्हणजे पट जेमतेम अर्धा भरला की पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एकेक दाणा मिळून वर काही उरतात.

आता हीच गोष्ट उलटी चालवा. मनात जगातला कुठलाही माणूस धरा आणि मला फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू द्या. प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या माणसांतली निम्मी बाद झाली, तर तेहतीस प्रश्नांत मी तुमच्या माणसापाशी पोचतो. आठशे कोटी माणसं आणि तेहतीस प्रश्न. भारतातलाच माणूस असेल तर एकतीस पुरतात, महाराष्ट्रातला असेल तर सत्तावीस. कोटी म्हणजे प्रकार की संख्या हा वाद बाजूला ठेवून तेहतीस कोटी देवांमधून एक देव हुडकायचा म्हटला, तरी एकोणतीस प्रश्नांत काम होतं. संगणकवाले अशा एका हो-नाहीला बिट म्हणतात. ‘तुझी तेवढी काय माहिती आहे रे नेटवर’ असं कुणी म्हणालं की मला आता हा तेहतीसचा आकडा आठवतो. तेवढी माहिती कितीशी लागते!

दहा-पंधरा बिट तर आपण बोलता बोलता देऊन टाकतो. पिनकोडचंच बघा. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित असा दुर्मीळ जोड होता त्यांच्यात. एकाच नावाची दहा गावं, अनेक लिप्या, वाचता न येणारी अक्षरं, या सगळ्यातून पत्र नेमकं पोचावं एवढाच त्या सहा आकड्यांचा हेतू. देशात आज असे एकोणीस हजारांवर पिनकोड आहेत. १४० कोटी लोकांना एकोणीस हजारांनी भागलं तर एका पिनकोडात सरासरी चौऱ्याहत्तर हजार माणसं येतात. बरीच झाली. एवढ्यांत कोण कुणाला शोधणार?

मग जन्मतारीख घ्या. वर्षाचे ३६५ दिवस आणि ढोबळ सत्तर वर्षं धरली, तर साधारण साडेपंचवीस हजार वेगवेगळ्या तारखा होतात. चौऱ्याहत्तर हजारांना त्यांनी भागा. उरली तीन माणसं. स्त्री की पुरुष ते सांगा. उरला दीड माणूस.

हे मी दोनदा ताडून पाहिलं. पिनकोडानं साधारण सव्वाचौदा प्रश्नांचं काम केलं, जन्मतारखेनं साडेचौदाचं आणि तिसऱ्या रकान्यानं एकाचं. बेरीज तीसच्या आसपास. भारतातला माणूस ओळखायला तीसहून थोडे जास्त प्रश्न लागतात, म्हणून एकाच्या जागी दीड उरला. नाव दिलं नाही, फोन दिला नाही, आधार तर दूरच. मॉलमधल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर यापेक्षा जास्त रकाने असतात.

आता वडिलांचं गणित. त्यांच्या पिनकोडात त्यांच्या जन्मवर्षाची समजा दोनशे माणसं हयात आहेत. तारखा नीट विखुरलेल्या असत्या तर वडिलांच्या तारखेला बहुधा ते एकटेच निघाले असते. पण दोनशेंतल्या दहातल्या एकाच्या जरी दाखल्यावर १ जून असेल, तर वीस माणसं झाली, आणि त्यांतले दहा पुरुष. पिनकोड सांगा, तारीख सांगा, पुरुष म्हणून सांगा. यंत्रासमोर दहा म्हातारे ओळीनं उभे राहतात आणि वडील कोणते ते कळत नाही. माझ्या मुलीच्या दाखल्यावर मात्र तारखेबरोबर वेळही आहे, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं. ती तारीख मी स्वतः तिच्या शाळेच्या ॲपपासून पोहण्याच्या क्लासपर्यंत किमान पंधरा ठिकाणी भरली आहे.

हे गणित पहिल्यांदा गंभीरपणे मांडलं ते लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधक बाईंनी. नव्वदच्या दशकात मॅसेच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कुणाचंच गुपित फुटणार नाही, असं गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी जाहीर आश्वासन दिलं. स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. वेल्ड तिथेच राहायचे. यादीत त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि त्या तिघांत वेल्ड यांच्या पोस्टाच्या विभागातला एकच. बाईंनी गव्हर्नरसाहेबांचे आजार, औषधं वगैरे त्यांच्याच कचेरीत पाठवून दिलं. पुढे त्यांनी जनगणनेचे आकडे घेऊन काढलं की झिपकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. आपल्या मतदार यादीत वय छापलेलं असतं, तारीख नसते. हा उपकार मुद्दाम केलेला आहे की आपोआप घडलाय कोण जाणे, पण आहे.

तारीखही न देणाऱ्याचं काय? २०१३मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मॉन्तज्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नाव नाही, नंबर नाही. कुठल्या तासाला कुठल्या टॉवरपाशी, एवढंच. पंच्याण्णव टक्के माणसांना वेगळं काढायला अशा चार नोंदी पुरल्या. सोमवारी सकाळी ऑफिस, मंगळवारी रात्री घर, शनिवारी मारुतीचं देऊळ, रविवारी दुपारी बहिणीकडे. पंधरा लाखांत तुमच्या या चार गोष्टी करणारे तुम्ही एकटेच.

मग एवढं सोपं असेल, तर करतं कोण, आणि किती वेळा? इथे आकडे असे फुगतात की लाख-कोटी अपुरे पडतात.

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. तुम्ही फोनवर बातमी उघडता. पान उघडायला लागतो त्या वेळात, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, त्या पानावरच्या जाहिरातीच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो. लिलाव पुकारताना माल दाखवावा लागतो, आणि माल म्हणजे तुम्ही. कुठलं पान वाचताय, फोन कुठला, साधारण कुठे उभे आहात, जाहिरातीसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक काय, हे सगळं बोली लावणाऱ्यांना एकदम पाठवलं जातं. बाजार समितीत व्यापारी मूठभर कांदा बघतो, बोली लागली नाही तर तो तिथेच टाकून पुढच्या ट्रॅक्टरकडे जातो. या लिलावात एकालाच चौकोन मिळतो, पण बघायला आलेला प्रत्येक जण मूठभर कांदा खिशात घालून घरी जाऊ शकतो.

आयर्लंडमधल्या नागरी स्वातंत्र्य परिषदेनं २०२२मध्ये या लिलावांचा हिशेब काढला. अमेरिका आणि युरोप मिळून वर्षाला १७८ लाख कोटी वेळा माणसांचा असा पुकारा होतो. अमेरिकेतल्या एका माणसाचा दिवसाला सरासरी ७४७ वेळा, युरोपातल्याचा ३७६ वेळा. युरोपात कायदा कडक आहे म्हणून निम्मं. अमेरिकनांची माहिती एकट्या गुगलच्या लिलावातून ज्यांना मिळू शकते अशा कंपन्या ४,६९८. फेसबुक आणि ॲमेझॉनचे लिलाव या आकड्यात धरलेलेच नाहीत. भारताचा आकडाही त्यात नाही.

७४७ म्हणजे किती? माणूस सोळा तास जागा असतो असं धरलं, तर सत्याहत्तर सेकंदांना एकदा. गॅसवर चहा ठेवल्यापासून उतू जायच्या आत तीनदा.

आणि १७८ लाख कोटी? यासाठी मला चाळीसगावजवळच्या पाटणकडे जावं लागलं. तिथल्या देवळात भास्कराचार्यांच्या कुळाची हकिगत शिलालेखात कोरून ठेवलेली आहे. त्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं कोटीपाशी थांबत नाहीत. अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. दर पायरीला दहापट. १७८ लाख कोटी म्हणजे पावणेदोन जलधींच्या जरा वर. साडेआठशेहून जास्त वर्षं हा शब्द कुणाच्या विशेष उपयोगी पडला नसावा. आता पडला, तोही जाहिरातीच्या चौकोनांसाठी.

एक आकडा भारताचाही आहे, आणि तो कंपनीनंच दिलेला आहे. फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजूषेतून लोकांची माहिती उचलली गेल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकनं एप्रिल २०१८मध्ये सांगितलं की ती वादग्रस्त प्रश्नमंजूषा भारतात ३३५ जणांनी आपल्या खात्यात घेतली होती. माहिती गेली असण्याची शक्यता होती ती ५,६२,४५५ जणांची. ३३५ माणसं म्हणजे एसटीच्या सात-आठ गाड्या. त्यांनी वेळ जात नव्हता म्हणून एक चाचणी दिली, आणि २०११च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहराएवढी माणसं मित्रयाद्यांतून ओढली गेली. त्या साडेपाच लाखांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांनी ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं असतं म्हणा. २००८मध्ये कार्नेगी मेलनमधल्या ॲलिशिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी काढलं होतं की माणूस ज्या ज्या संकेतस्थळांवर जातो तिथली धोरणं खरंच वाचत बसला, तर वर्षाचे दोनशेवर तास त्यातच जातील.

दंड होतो की, असं कुणी म्हणेल. होतो. २०२१च्या व्हॉट्सॲप धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. बातमीत हा आकडा भला मोठा वाटला होता. आता सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन घ्या. मेटाची २०२४ची मिळकत साडेसोळा हजार कोटी डॉलरांच्या जरा आत, १६४.५ अब्ज. तासाला एक कोटी सत्याऐंशी लाख डॉलर, चौऱ्याऐंशीच्या भावानं १५७ कोटी रुपये. म्हणजे गाडी लोणावळा मागे टाकून घाट उतरू लागते, तोवर दंडाची रक्कम गल्ल्यात जमा झालेली असते. प्रवाशाचं ऑम्लेटही संपलेलं नसतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, त्यातला सगळ्यात मोठा दंड २५० कोटींचा. त्याला आणखी पंधरा मिनिटं लागतील.

या कंपन्यांना दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. एप्रिल २०२१मध्ये ॲपलनं आयफोनमध्ये एक प्रश्न घातला: या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का? आधीही नकार देता येत होता, पण सेटिंगमध्ये खोल जाऊन. आता तो तोंडासमोर आला. बहुतेकांनी नाही म्हटलं. पुढच्या फेब्रुवारीत मेटानं सांगून टाकलं की यामुळे २०२२मध्ये सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा शेअर सव्वीस टक्क्यांनी कोसळला. एका बिटाची किंमत दहा अब्ज डॉलर! ॲपलला फार संत समजायचं कारण नाही. आपल्या फोनवर शोधासाठी गुगल ठेवण्याबद्दल २०२२मध्ये त्याच कंपनीनं गुगलकडून वीस अब्ज डॉलर घेतले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झालं.

तर पर्याय. माझ्या मते पर्यायाला एकच प्रश्न विचारावा: तू माझे किती बिट ठेवतोस? २०१६मध्ये अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी समन्स काढून सिग्नल या संदेशांच्या ॲपकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली, त्यांतला एकच सिग्नलवर होता. हातात पडलं ते दोनच ओळींचं. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. देणाऱ्यांनी लपवलं नाही, त्यांच्याकडे होतंच तेवढं. कुणाशी बोलला, कुठल्या गटात आहे, संपर्कयादी काय, काही नाही. गुरुजींच्या रजिस्टरापेक्षा कमी.

ही फुकटची भानगड चालते कशी? व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी फेसबुक सोडून २०१८मध्ये पाच कोटी डॉलर घातले आणि सिग्नल फाउंडेशन उभं राहिलं. बाकी देणग्या. नोव्हेंबर २०२३मध्ये सिग्नलनं आपला खर्च जाहीर केला, तो मी दोनदा वाचला, कारण कुठलीही कंपनी असा घरखर्च मांडत नाही. माणसं पन्नासेक. पुढे वर्षाला लागतील असे पाच कोटी डॉलर. आणि नवीन खातं उघडताना जो सहा आकडी संदेश येतो, तो पोचवण्याबद्दल दूरसंचारवाल्यांना वर्षाला साठ लाख डॉलर! गोपनीय संदेशांच्या संस्थेचा एवढा खर्च ‘हा नंबर तुमचाच ना’ एवढं विचारण्यावर. वर्षाचे ते पाच कोटी डॉलर मेटा किती वेळात मिळवते? तीच डेक्कन क्वीन दादरला पोचायच्या आत.

पण संदेश झाकले तरी ब्राउझर उरतोच. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१०मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. पडद्याची मापं, बसवलेले फाँट, घड्याळ कुठल्या पट्ट्यातलं, कुठली आवृत्ती, अशा निरुपद्रवी गोष्टींच्या बेरजेतून. त्यांची चाचणी अजून चालू आहे. मी माझ्या लॅपटॉपवर ती केली. उत्तर आलं, तुमच्यासारखा दुसरा सापडला नाही. कुठल्या गोष्टीनं किती बिट फोडले, हेही ती ओळीनं दाखवते. मी खाली जात राहिलो आणि एका ओळीपाशी थांबलो, भाषा.

मोठ्या अभिमानानं मी ब्राउझरची पहिली भाषा मराठी ठेवलेली आहे. प्रत्येक संकेतस्थळाला माझा ब्राउझर आधी सांगतो, साहेबांना मराठी चालेल. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते, पण ब्राउझरला तसं सांगणारे किती? समजा हजार ब्राउझरांत एक. तरी दहा बिट गेले, तेहतीसमधले दहा, एका सेटिंगपायी. त्यात लॅपटॉपवर जुन्या डीटीपीच्या कामाचे सतरा मराठी फाँट. गर्दीत भगवा फेटा बांधून उभं राहावं आणि मला कुणी ओळखू नये अशी अपेक्षा करावी, तसं माझं चाललं होतं.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी अखेर काय शोधलं, तर १ जून! टॉर ब्राउझर तुमचा रस्ता तीन ठिकाणांहून फिरवून नेतो हे पुष्कळांना माहीत असतं. मला भावलं ते त्याचं दुसरं काम. तो सगळ्यांना सारखं दाखवतो. घड्याळ सगळ्यांचं एकाच पट्ट्यातलं, फाँट ठरावीक. खिडकी तुम्ही कितीही ओढा, पानाचा आकार दोनशे बाय शंभर ठिपक्यांच्या पटीतच बसवतो आणि कडेला राखाडी पट्टी सोडतो. मला त्या पट्टीत गुरुजींचा बोरू दिसतो. नेमकं माप ठाऊक असूनही ते लिहायचं नाही, सगळ्यांचं एकच लिहायचं. मात्र भाषेपाशी आलं की तोही विचारतो, जास्त गोपनीयतेसाठी पानं इंग्रजीत मागू का? हे मला अजून पचलेलं नाही. लपायचं असेल तर आधी मराठी लपवा! दोष त्याचा नाही हे कळतं. आपली गर्दी कमी पडते. आठ कोटींनी ब्राउझर मराठीत ठेवला असता तर ते दहा बिट सहा-सातावर आले असते.

गर्दी कमी असली की काय होतं याचा मासला हार्वर्डचा. डिसेंबर २०१३मध्ये परीक्षा टाळायला एका विद्यार्थ्यानं बॉम्बच्या अफवेच्या इमेल पाठवल्या, टॉरमधून. तपास करणाऱ्यांनी टॉर फोडला नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर वापरणारे कोण, एवढंच पाहिलं. मूठभर होते. पठ्ठ्यानं कबुली दिली. तोंडाला काळं फडकं बांधून रस्त्यानं चालणारा तो जवळजवळ एकटाच होता.

‘माझा माग काढू नका’ अशी पाटी ब्राउझरमधून दाखवण्याची सोयही निघाली होती. पाळायची सक्ती नसल्यानं फार कुणी पाळली नाही. वर गंमत अशी की पाटी लावणारे थोडे, म्हणून ती पाटीच ओळखायची खूण झाली. सफारीनं २०१९मध्ये याच कारणासाठी ती काढून टाकली.

म्हणजे फिरून प्रश्न माणसं जमवण्याचा. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या त्या धोरणावरून बोंब झाली, तेव्हा सिग्नलवर एवढी झुंबड उडाली की १५ जानेवारीला ते बंदच पडलं. आमच्या सेहेचाळीस जणांच्या घरच्या गटातही ठराव झाला, आता सगळे तिकडे. मी, धाकटी भाची, एक आतेभाऊ आणि कसं कोण जाणे पण आत्या, असे चौघं गेलो. सेहेचाळीस माणसांत जोड्या होतात १,०३५. चौघांत सहा. लग्नाचे फोटो १,०३५वाल्या ठिकाणी येणार, सहावाल्या नाही. पंधरा दिवसांत आम्हीही परत तिकडे डोकावू लागलो. त्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं भारतातले व्हॉट्सॲपवाले ५३ कोटी सांगितले होते. त्यांच्या आपसातल्या जोड्या मोजल्या तर त्या होतात १,४०० कोटी कोटी, भास्कराचार्यांच्या भाषेत एक परार्ध आणि वर दीड पावाहून जरा जास्त. त्यांच्या यादीतला तो शेवटचा शब्द.

आत्या मात्र सिग्नलवरून हलली नाही. तिकडे ‘सुप्रभात’ येत नाही, म्हणते.

मी फोनमधला जाहिरातींचा ओळख क्रमांक पुसला. नवीन अँड्रॉइडमध्ये ते करता येतं, दोन मिनिटांचं काम. फायरफॉक्स घेतला, त्यात जाहिराती अडवणारं जोडलं. मराठी पहिली भाषा तशीच ठेवली आहे. दहा बिट गेले तर गेले.

वडिलांना यातलं काही करावं लागलं नाही. दरवर्षी १ जूनला सकाळपासून त्यांचा फोन वाजत राहतो. बँक, विमा, चष्म्याचं दुकान, औषधांचं ॲप, कधीकाळी एकदा जेवलेलं हॉटेल. सगळ्यांना ते वाढदिवसाला आठवतात. वडील प्रत्येक संदेश चष्मा लावून वाचतात आणि म्हणतात, गुरुजींना पोचवतो. खरा वाढदिवस श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. आजीनं तो आत्याला सांगून ठेवला होता. त्या दिवशी आत्या डब्यात पुरणाची दिंडं घेऊन येते, वडील दोन खातात, तिसरं नको नको म्हणत खातात. फोन गप्प असतो.

तिथी मी इथे बदलून लिहिली आहे. आत्यानं तशी अटच घातली.